बूच

सावरटोल्याचा जुना डांबरी रस्ता
आता सरळ पाण्यात उतरतो.
धरण भरलं तेव्हा तो कोणी उखडला नाही,
घाटासाठी पैसा आला नाही,
म्हणून तोच आमचा घाट.
किलोमीटरच्या दगडापर्यंत कोरडा,
पुढे शेवाळाचा.
दगडावर अजून वाचता येतं: सावरटोला ०.
शून्याच्या पुढे लाटा.

संस्थेला फायबरची नाव मिळाली, निळी,
आणि तिच्या बुडाला एक भोक.
"नावेले मुद्दाम भोक?" पतिराम मामा हसले,
"आपन जनमभर भोकंच बुजवत आलो गा."
भंडाऱ्याहून आलेल्या पोरानं समजावलं,
नाव काठावर घेतली की पाणी निघून जावं म्हणून.
आणि बूच माझ्या तळहातावर ठेवलं,
काळं, रबरी, बोराएवढं.
"हरवू नका."

मी हरवलं नाही.
घोळ तिथेच झाला.

आसारामचा ट्रॅक्टर, त्यामागे ट्रॉली, ट्रॉलीवर नाव,
आणि रिव्हर्स.
पुढे जाताना ट्रॉली गाईसारखी मागे येते,
मागे जाताना तीच ट्रॉली
रुसलेल्या जावयासारखी भलतीकडे तोंड करते.
"डावीकडे घे!"
"कोनाच्या डावीकडे?"
चौदा माणसं, चौदा डाव्या बाजू.
एकदा ट्रॉली बेशरमाच्या झुडपात,
एकदा आसारामच्याच मोटरसायकलवर.
तिसऱ्यांदा सरळ आली
आणि चाक शेवाळावर गेलं.

ट्रॅक्टर घसरायला लागला, अगदी सावकाश,
आसाराम ब्रेकवर उभाच राहिला,
पाय पूर्ण ताठ,
तरी चालला होता,
आपल्या जुन्या गावाला निघाल्यासारखा.
कोणाला काही सुचेना.
अनुसया काकूनं डोक्यावरून आणलेला दगड
मागच्या चाकाखाली सरकवला,
मग दुसऱ्या चाकाखाली दुसरा.
ट्रॅक्टर थांबला. सायलेन्सर वीतभर कोरडा.
"दगड काऊन आनला होता वो?"
"उतार पायला म्हनून."
एवढंच बोलून ती हात धुवायला वाकली.

नाव तरंगली.
नारळ फुटला, टाळ्या, खोबरं,
कोणी फोटो काढला.
त्या फोटोत नीट दिसतं,
दोर कोणाच्याच हातात नाही.
मला वाटलं पतिराम मामाकडे,
मामांना वाटलं आसारामकडे,
आसाराम अजून ब्रेकवरून पाय काढत नव्हता.

नाव एकटीच निघाली.
पिंपळाच्या वाळक्या शेंड्याला वळसा घालून,
ग्रामपंचायतीवरून, पिठाच्या गिरणीवरून,
शाळेवर येऊन थांबली.
बरोबर शाळेवरच, अंदाज आहे आम्हाला.
खाली कुठेतरी माझी दुसरीतली भिंत,
वर निळी नाव,
आणि तिची मागची बाजू जरा, मग आणखी जरा,
खाली.

माझा हात खिशात गेला.
बूच ऊबदार झालं होतं.

मामांनी काही विचारलं नाही.
जुना लाकडी डोंगा ढकलला,
डालड्याचा डबा माझ्या पायाशी टाकला.
संध्याकाळपर्यंत मी पाणी उपसत होतो,
शाळेच्या डोक्यावर बसून,
आणि काठावर तेरा माणसं
मला सांगत होती कसं उपसायचं.

आता बूच नायलॉनच्या दोरीनं कडीला बांधलेलं असतं.
दोर आधी हातात, मग नारळ.
हात दाखवणारा एकच, बाकीच्यांनी गप्प राहायचं;
हे मात्र अजून जमलेलं नाही.
अनुसया काकूचे दगड तिथेच पडलेले असतात.
चैतात मत्स्य विभागाची जीप हँडब्रेक न लावता उभी केली,
त्या साहेबांनाही ते कामी आले.
किलोमीटरच्या दगडावर, शून्याखाली,
कोणीतरी लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: बूच?
अक्षर आसारामचं वाटतं.

मी खिसा चाचपतो. लग्नात, बँकेत,
दवाखान्याच्या रांगेत.

काल नवी पोरं नाव उतरवत होती.
"बूच लावलं का गा?"
"लावलं ना काका."
"हात लावून पाह्यलं?"
पोरगा माझ्याकडे बघतो,
मग वाकतो.