मोजे संपले तो शुक्रवार

आयोवातल्या या गावात सिग्नल एकच,
तोही रात्री दहानंतर नुसता
पिवळा डोळा उघडमीट करतो.
थिएटर बंद. पाटीवर दोन अक्षरं उरलीत.
पहिलं सत्र मी मक्याला शिव्या घालण्यात घालवलं
आणि होस्टेलच्या खिडकीशी सूप गार होऊ दिलं.

मग एका शुक्रवारी मोजे संपले.

लाँड्रोमॅटमध्ये बेकरीवाला ड्वेन
गरम ड्रायरच्या पाठीवर पत्ते पिसत होता.
"बस. चौथा भिडू हवाच होता."
भूगर्भशास्त्राच्या हॉलक्विस्ट बाई
चष्मा कपाळावर चढवून सरळसरळ लबाडी करत होत्या,
आणि टेगन, वर्गात तीन महिने
माझ्या पुढच्याच बाकावर नुसती पाठ असलेली टेगन,
जिंकलेली नाणी मशीनमध्ये टाकत होती
कुणाच्या तरी विसरलेल्या चादरींसाठी.

बाराला ड्वेन भट्टी पेटवायला जातो.
मागच्या दाराशी वाकडे, फसलेले डोनट,
येईल त्याला फुकट.
आम्ही रस्त्याच्या ऐन मधोमध उभ्याने खातो.
गाडी येतच नाही.
साखर सांडलेल्या कोटांवर
पिवळं पडतं, विझतं, पडतं.

आई फोनवर विचारते, करमतं का गं तिथे?
मी सांगते,
कपडे फार मळतात.