दहा मिनिटं म्हणजे तीन काजं

शाम्पू लावला की दहा मिनिटं अंगावर राहू द्या,
लगेच पाणी ओतू नका, डॉक्टर तडवी म्हणाल्या.
दुकानातलं घड्याळ होळीपासून बंद आहे.
मी म्हटलं, दहा मिनिटं म्हणजे हाताने केलेली तीन काजं.
त्या म्हणाल्या, मग चार करा.

तर चार काजं होईपर्यंत बट्टी
चोपड्याच्या मे महिन्यात, मोरीत, फेसाखाली उभी राहते.
बाही आखूड झाल्याचं कळलंय
पण बोलायचं नाही,
अशा गिऱ्हाइकासारखी बघते.

मागल्या श्रावणात गोचिडांचा ताप आला.
ताप गेला, पण तिचंच रक्त तिच्या रक्तावर उठलं.
हिरड्या मांजरपाटासारख्या पांढऱ्या.
मग स्टेरॉइड. रक्त निवलं,
त्यासोबत आतला राखणदारही झोपी गेला.
एरवी अंगावर बसून उडून जाणारी बुरशी
कानामागे मुक्कामाला आली.

पहिलं वर्तुळ चार आण्याएवढं.
आठवड्यात रुपया.
मापवहीत कासार बाईंच्या ब्लाउजखाली लिहिलंय :
बट्टी, डावा कान सव्वा इंच,
पोट दोन, शेपटीचं मूळ पाऊण.

दवाखान्यात शटर ओढून अंधार केला.
जांभळ्या दिव्याखाली केस चमकले,
वडिलांच्या जुन्या घड्याळातल्या काट्यांसारखे हिरवे.
सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, मग ती रक्ताची गोळी बंदच करू का?
एकदम नाही, त्या म्हणाल्या,
उसवायचं कसं, हे शिंप्याला मी सांगायचं?
पंधरा दिवसांनी पाव गोळी कमी.
एक टाका काढायचा, कापड धरून बघायचं.
बुरशीची कॅप्सूल वेगळी, जेवणाबरोबर,
आणि महिन्याला यकृताची तपासणी.
बट्टी ती कॅप्सूल बट्टीच्या तुकड्यातच खाते.
नाव कोकिळाने ठेवलं होतं, गंमत म्हणून.

मशीनखाली तिचं अंथरूण होतं चिंध्यांचं.
अकरा वर्षांची कात्री त्यात साठलेली :
कुणाच्या साखरपुड्याची मोरपंखी किनार,
शाळेचा खाकी, बँडवाल्यांचा लाल मखमल,
माझ्या मुलीच्या पहिल्या फ्रॉकचा खिसा.
ते सगळं जाळायला सांगितलं.
जाळलं. मखमल शेवटपर्यंत धुमसत राहिलं.
आता रोज मळ्यातून केळीचं पान येतं,
ती त्यावर निजते, सकाळी पान चुलीत.
कूलरसमोरची ओली जागा तिला फार आवडायची,
तिथे आता पाट आडवा लावलाय.

थोरला भाऊ ओट्यावरून म्हणाला,
"कुत्रीसाठे इतला खर्च? येडा व्हयी गया का रे?"
मी सुई दातात धरली होती.
बरं झालं.

मग माझ्याच मनगटावर उठलं.
गोल, लाल कडेचं, ओळखीचं.
ऐन लग्नसराई. पंचेचाळीस अंशांत
मी स्वतःला फुल बाहीचा शर्ट शिवला,
दोन दिवस घातला,
तिसऱ्या दिवशी बाह्या दुमडून पाटी लावली :
मलम चालू आहे, दुकान तीन आठवडे बंद.
सहा जणींनी कापड परत नेलं.
कासार बाई म्हणाल्या, माझं राहू दे,
मुलीचं लग्न आषाढाच्या आत नाही व्हायचं.

पहिला बुरशीचा रिपोर्ट कोरा आला.
दुसराही कोरा यायला हवा, तरच सुटका.
कानामागे केस फुटलेत, पण पांढरे,
तपकिरी कापडाला घाईत लावलेल्या ठिगळासारखे.
मापवहीत तिच्या नावापुढे आता रेघ आहे, आकडा नाही.

रात्री ती पानावर उठून बसते
आणि जिथे काहीच उरलेलं नाही
तिथे मागचा पाय हवेत हलवते.
मशीनला मोटर बसवून चार वर्षं झाली,
माझाही पाय अजून पायडल शोधतो.
पूर्वी तो तिच्या पाठीवर टेकायचा.