उजेड दाखवल्यावर

ओल्द्रिखच्या बरगड्यांमधून काढलेलं पाणी,
गव्हाच्या काडासारखं. अर्धा लिटर.
"क्षयच," म्हणाले वॉर्डातले.
मी काचपट्टी तीनदा पाहिली. कुणी नव्हतं.

मग बाटली अंधारात, पाच आठवडे.
कार्विनात बर्फ पडला, वितळला,
त्याची बायको दर मंगळवारी फोन करायची.

उगवलं ते फिकं, हस्तिदंती.
तासभर दिव्याखाली धरलं
आणि दुसऱ्या दिवशी लिंबासारखं पिवळंजर्द.
क्षयाला हे जमत नाही.

एकतीस वर्षं खाणीतून वर येऊन
ज्या फवाऱ्याखाली तो कोळसा धूत असे
तिथलंच असावं.

आता वर्षभर गोळ्या. लघवी नारिंगी होते,
बायको हसते म्हणे.
आणि श्वास?
"जिना चढलो. मधे बसलो.
पण चढलो."