शेरा

पंपघराच्या नोंदवहीत पाच रकाने:
तारीख, भरती, पातळी, झडप, शेरा.
चार मी भरतो. पाचवा साहेबांचा,
कोराच ठेवायचा,
असं हसुराम भोईर निवृत्त होताना सांगून गेला.

धारण तलावाचं काम तसं साधं.
भरतीला झडपा मिटायच्या, वाशीचं पाणी पोटात धरायचं,
ओहोटी लागली की खाडीचं खाडीला.
कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही.

पण बारा नंबरची झडप गंजली.
फटीतून रोज थोडी खाडी आत येत राहिली
आणि तिच्याबरोबर बिया,
वालाच्या दाण्याहून थोराड, हिरव्या.
गाळात रुतल्या.

कुंपणाबाहेर पालिकेनं बकुळी लावल्या होत्या, चाळीस.
नारळ, फलक, फोटो.
जगल्या सहा,
त्यांतल्या एकीला मी चहाचे कप विसळलेलं पाणी घालतो.
आत, कुणीच न लावलेली तिवरं
माझ्या डोक्यावरून गेली.

मग कागद आले.
एका विभागाचा: गाळ तातडीने काढावा.
दुसऱ्याचा: कांदळवन आहे, हात लावू नये.
दोघांचंही खरं, हीच पंचाईत.

पिठोरीच्या रात्री तळमजल्यावरच्या कुडतरकर बाईंचा फोन,
गुडघाभर पाण्यातून:
अहो, झाडं मोठी की आम्ही?
मी तिसरा पंपही चालू केला.
याचं उत्तर लिहायला रकाना नाही.

काल कनिष्ठ अभियंता आल्या, ऋजुता तरे.
गमबूट, टेप, मांडीपर्यंत चिखल.
मधून चर काढू म्हणाल्या, कडेची राई राखू,
परवानगीला तीन महिने लागतील,
किंवा तीन वर्षं.
मग बारा नंबरपाशी थांबल्या.
नवी झडप गोदामात पडून आहे, प्लॅस्टिकसकट.
ती बसवली तर खारं पाणी तुटेल,
तिवरं उभ्याउभ्या सुकतील,
कुऱ्हाड नको, कोर्ट नको.
हे त्या बोलल्या नाहीत. मीही नाही.
चिखलातून वर आलेली मुळं
आमच्या पायांभोवती श्वास घेत होती.
गोदामाची किल्ली माझ्याच खिशात.

आज भरती चार मीटर बेचाळीस.
अकरा झडपा बंद.
पहिल्यांदाच पाचव्या रकान्यात पेन टेकवलं:
बारा नंबरला फट आहे.
खेकडे ये-जा करतात.