सुटे पैसे

नेल्लाने सोमवारी दारावर कागद चिकटवला.
वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, कडेला लोण्याचा डाग :
शनिवारनंतर बंद. आभार.
कुणाचे आभार, कशाबद्दल,
ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

आमच्या ग्लिनगारूत बातमी चढ चढते बसच्या आधी.
दहाच्या आत मायरने चॅपलच्या पायरीवर टेबल मांडलं,
दुपारपर्यंत दोनशे सह्या.
मी दोन केल्या.
एक माझी, एक इड्रिसची, माझ्या भावाची;
तो जाऊन नऊ वर्षं झाली,
पण इथलं तळलेलं अंडं त्याला फार आवडायचं.

खाण बंद झाली त्या दिवशी आम्ही इथेच बसलो होतो.
अकरा जण, तीन कप चहा.
नेल्लाचा बाप एत्तोरे काउंटरमागून आला,
काही न बोलता आठ रिकामे कप मांडून गेला
आणि एक किटली.
ही गोष्ट आम्ही इतक्यांदा सांगितली आहे
की किटल्या आता तीन झाल्यात.

नंतर मी बस चालवायला लागलो.
पहाटे सव्वापाचला सगळ्या खोऱ्यात
दोनच दिवे : माझे हेडलाइट आणि नेल्लाची खिडकी.
चौथं टेबल लंगडं, पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा.
पुठ्ठा सरकला की ज्याचा चहा सांडेल
त्यानेच वाकायचं, असा नियम.
हिवाळ्यात पेन्शनवाले घरचा हीटर बंद करून इथे यायचे
आणि एका कपावर जेवणवेळ गाठायचे.
एक पौंड वीस. अकरा वर्षं तोच भाव,
पाटीवरचा खडू भिंतीत मुरलेला.

गुरुवारी आम्ही सह्या घेऊन गेलो,
घसा खाकरून, मायर पुढे.
नेल्लाने हात पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला,
चारही पानं वाचली. इड्रिसच्या नावापाशी जरा थांबली.
मग खुर्चीवर पाय ठेवून तिने मोजा खाली गुंडाळला.

निळ्या गाठी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.

"यावर कोण सही करतंय?"
रागाने नाही. ओव्हनमध्ये पाय आहे, कोण घेतंय,
असं विचारावं तसं.

एम्रिसने टोपी काढली आणि पुन्हा घातली.
स्वस्त, स्वस्त म्हणत आलो आम्ही इतकी वर्षं.
उरलेले कोण भरतंय
हे विचारायला कुणाची जीभ रेटली नव्हती, माझीही नाही.
मायरने कागदांची घडी केली, लहान, आणखी लहान,
आणि वाकून ती चौथ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल पहिल्यांदाच हललं नाही.

शनिवारी तोबा गर्दी.
वीस-वीस वर्षं न फिरकलेले आले, फोटो काढले,
डोळे पुसले, केक संपवला.
एम्रिसला त्याची खुर्ची हवी होती.
"पाच पौंड," नेल्ला म्हणाली.
जन्मात पहिल्यांदा तिने कशालातरी जास्त भाव लावला,
आणि एम्रिसने घासाघीस केली नाही.
कॉफीचं यंत्र कार्डिफचा एक माणूस घेऊन गेला.
चौघांनी उचललं.
दारापासून व्हॅनपर्यंत फुटपाथवर
ते ठिबकत गेलं.

मार्चमध्ये ती मला बस स्टॉपवर दिसली.
एप्रनशिवाय. हिरव्या कोटात.
मी आता रिटायर, प्रवासी; तीही प्रवासी.
काउंटर मध्ये नसताना
एकमेकांपासून किती अंतरावर उभं राहायचं, कळेना.
हवेवर बोललो. तिच्या पायांवर : बरे आहेत.
बस उशिरा. (माझ्या वेळी असं नव्हतं.)

तिने पिशवीतून थर्मास काढला,
झाकणात चहा ओतला, माझ्यापुढे धरला.
तोच. कडक, जरा जास्तच.

माझा हात आपसूक खिशात गेला.
दोन पौंडांचं नाणं निघालं, तिच्या तळव्यावर ठेवलं,
आणि मग दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

नेल्लाने कोटाचा उजवा खिसा चाचपला, मग डावा,
आणि मोजून ऐंशी पेन्स
परत दिले.