गाडी सावलीत लावून

मालक आत गेले की दार लागतं.
थोडा वेळ पत्ते पिसल्याचा आवाज,
मग तोही नाही.
"आलोच रे सात्ताप्पा, दोन डाव," म्हणतात.
दोन डाव म्हणजे अकरा तास,
हे मी पहिल्याच बुधवारी शिकलो.

गोव्यात म्हणे बोटीवर खेळतात, दिव्यांच्या माळा लावून.
आमच्या संकेश्वरात पत्र्याखाली खेळतात
आणि नदी मागच्या बाजूला, मोरीसारखी.
तरी गाड्या येतात. कोल्हापूरच्या, आजऱ्याच्या, एक तर पार कराडची.
ड्रायव्हर लोक सीट मागं पाडून झोपतात.
त्यातला एक आता आत जाऊ लागलाय.

मला झोप येत नाही दिवसाची.

तर पत्ते सोडून इथं काय करायचं, मला विचारा.
हुसेनबी मिरच्या निवडते, तिच्या समोर बसायचं.
देठ तोडायचे, शिंका द्यायच्या,
तिनं हसायचं.
कितीला, कुठली, यंदा रंग कसा धरला,
तासभर आरामात जातो.
मग घाटावर.
कल्लव्वा धुण्याचं गाठोडं घेऊन निघाली होती, म्हणाली होळि.
मी म्हटलं, मावशी, शिमग्याला अजून चार महिने आहेत.
ती मला खुळा समजली.
होळि म्हणजे नदी, हे नंतर बसगोंडानं सांगितलं
पंक्चर काढता काढता.

पाण्यात पाय सोडून बसलो की एक गंमत सुचते :
हीच हिरण्यकेशी सकाळी आमच्या जरळीच्या बंधाऱ्यावरनं निघालेली.
बायकोनं खळबळून टाकलेलं पाणी
दुपारपर्यंत इथं पोचत असेल का?
मी पायाला साबणाचा फेस लागतोय का बघतो.
लागत नाही.
तिला सांगितलं तर म्हणाली,
एवढा विचार पगार मागताना करा.

बसगोंडाचं दुकान म्हणजे एक पाण्याची परात आणि एक बाकडं.
त्यानं मला अक्षरं दिली.
खडूनं, जुन्या टायरवर.
र म्हणजे लोट्यावर ठेवलेलं झाकण.
ठ म्हणजे बुबुळ असलेला डोळा.
सगळी गोल, सगळी वेटोळी,
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी,
त्यांची परातीत भिजत घातल्यासारखी.
एस्टी-स्टँडवरच्या पाट्या वाचत सुटलो मग.
हुक्केरी लागली. गोकाक लागलं.
चिक्कोडीला जरा धाप लागली.
चाळीस ओलांडलेला माणूस बसच्या कपाळाकडं बघून ओठ हलवतो,
पोरंटोरं थांबून बघायची.

परवाच्या बुधवारी
क्लबच्या दारावरची पाटी वाचली.
दीड वर्ष तिच्याखालीच गाडी लावत होतो,
मला वाटायचं मालकाचं नाव असेल.
ह. ण.
हण म्हणजे पैसा.
पुढं जरा वेळ लागला, जोडाक्षर होतं,
आडबारदु.
पैसे लावून खेळू नये.

मी पाटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं.
आतून कुणीतरी मोठ्यानं खोकलं.
बसगोंडाला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला,
वाचता आलं ना? मग झालं की.
आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला.

रात्री पावणेदहाला येसरे मालक बाहेर आले.
मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा.
मागं बसले. काच खाली केली, वर केली.
पुढं ठेवलेल्या मिरच्यांनी त्यांना एकामागून एक सात शिंका आल्या.
डोळे पुसत म्हणाले, काय करतोस रे दिवसभर इथं?
बसतो, म्हटलं.
कंटाळा येत नाही?
पुलाखाली पाणी काळं दिसत होतं, मधेच एक मासा उडाला.
नाही, म्हटलं.

पंपावर ते हळूच म्हणाले, पाचशे आहेत का तुझ्याकडं?
होते. दिले.
पगारातून वजा की पगारात जमा, हे काही बोलले नाहीत.

हद्दीजवळ एक पाटी लागते, वळणावर.
उजेड पडला तेवढ्यात वाचली, मनातल्या मनात :
मत्ते बन्नी. पुन्हा या.
मालक घोरत होते.
मी गाडी तिसऱ्यात टाकली.