बारा एमएम

जुईने तिकीट काढलं म्हणून गेलो.
नाहीतर रविवारी दुपारी दुकान बंद करून
त्र्यंबक नाक्यावरनं हलायचं माझ्या जिवावर येतं.
मक्याच्या लाह्यांच्या एका बादलीत
चार एमएमचं खिडकीभर तावदान आलं असतं,
हे मी बोललो नाही. तिला ऐकू गेलंच.

सिनेमा मोठा होता. आवाजाने.
एक उडत आला, दुसरा उडत आला,
आणि मधे बत्तीस मजली इमारत, सगळी काचेची.
लोक मुठी बघत होते.
मी तावदानं मोजत होतो.
मजल्याला चाळीस धरा,
सिलिकॉन, फिटिंग, वर चढवायची मजुरी.
मुश्ताकभाई, मनात म्हटलं,
हे काम लागलं तर तुझ्या दोन्ही पोरींची लग्नं.

शिवाय काच चुकीची फुटते.
टफन काच सुऱ्या होऊन पडत नाही कधी,
तिची खडीसाखर होते, ओंजळीत धरावी अशी.
एवढा खर्च केला, एक फोन करायचा.

आणि परग्रहावरचे लोक
दर वेळी त्याच शहरात का उतरतात?
द्वारका सर्कलला संध्याकाळी साडेसहाला उतरा म्हणावं.
यान लावायला जागा शोधण्यातच आक्रमण संपेल,
वर रिक्षावाला विचारेल, दिसत नाही का?

त्या घट्ट पोशाखात लघवीचं काय करतात,
हेही विचारलं. जुईने डोळे मिटून घेतले.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

एक मात्र आवडला होता.
घरी, रात्री, हिंदीतून बोलणारा, नाव लक्षात नाही.
एकटा माणूस, यान, बाहेर नुसतं काळं,
आणि खिडकीला केसाएवढी चीर.
तो चिरेवर तळहात ठेवून बसतो.
कितीतरी वेळ काहीच होत नाही.
जुई झोपून गेली. मी पाण्यालासुद्धा उठलो नाही.
चीर कशी चालते मला माहीत आहे.
थांबते. तुम्हाला वाटतं, थांबली.
मग कुणी शेजारी चहा ओततं, आणि टक्.
शेवटी त्याला वाचवायला कोणीतरी येतं.
तिथे बिघडवला.

काळात मागे जायचाही एक होता.
जुईने वहीत रेघा काढून समजावला.
मी म्हटलं, मग मागे जाऊन
तो पूर थांबवता येईल का,
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलेलं तो?
आम्ही पुलावरनं बघत होतो.
उडता येत असून तो उडाला नाही,
थांबवलं तर काहीच नाही.
किती आलंय ते आम्हाला कळावं, एवढ्यासाठी उभा.
पाणी उतरल्यावर सराफ बाजारात
शोकेसच्या काचा बदलायला गेलो होतो.
एक हिशेबनीस मुलगी गाळात हात घालून
तराजूची मापं वेचत होती.
पाच ग्रॅमचं सापडेना. मीही वाकलो.

जुई म्हणाली, थांबवू नका पूर.
मग मी कुठून येऊ?
तेव्हा कुठे तो सिनेमा मला थोडा कळला.

परवाचा सुटला. बाहेर गर्दी.
चारेक वर्षांचा एक पोरगा, पाठीला टॉवेल बांधलेला,
हात पुढे करून सुसाट निघाला
आणि दारावर आपटला.
काचेचं दार. बारा एमएम. मीच बसवलेलं,
बिजागरीचे पैसे अजून यायचेत.
इतकं स्वच्छ पुसलेलं की दिसलंच नाही त्याला.
नाक लाल. भोकाड.
त्याची आई धावली, आणि तिने
दाराला फटकन एक चापट मारली,
हात् रे! आमच्या बाळाला लागलं!

दार जागचं हललं नाही.
मी पुढे होऊन
त्याच्या वतीने सॉरी म्हटलं.